कॅपिटल लेटर मान द्यायला नसतं, नाव सांगायला असतं

प्रश्न थोडक्यात असा आहे की ऑफिसात रोज इंग्रजी मेल आणि रिपोर्ट लिहावे लागतात, वाक्याच्या सुरुवातीला कॅपिटल हे शाळेपासून माहितीये, पण मधल्या शब्दांचं काही कळत नाही. एक साहेब मॅनेजर, प्रोजेक्ट, मीटिंग असे सगळे शब्द कॅपिटल करून पाठवतात आणि दुसऱ्या मॅडम तेच सगळं स्मॉल करून परत देतात, मग खरं कोणाचं?

मॅडमचं. माझं कामच इंग्रजी मजकूर तपासून छापण्यायोग्य करायचं आहे, बरीच वर्षं तेच चाललंय, आणि व्याकरणाच्या चुकांपेक्षा जास्त वेळ मला ही नको तिथली कॅपिटलं उतरवण्यात जातो, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

देवनागरीत मोठं अक्षर लहान अक्षर ही भानगडच नाही, त्यामुळे आपल्याला याची उपजत जाण नसते, आणि मग आपण मनानेच एक नियम करून टाकतो की जे महत्त्वाचं ते कॅपिटल आणि ज्याला मान द्यायचा तेही कॅपिटल. मराठीत मान द्यायला साहेब आले, बसले, बोलले असं आदरार्थी अनेकवचन हाताशी असतं, इंग्रजीत ते नाही, मग बिचाऱ्या कॅपिटल लेटरला त्या कामाला जुंपलं जातं. पण इंग्रजीत कॅपिटल मानासाठी नाहीये हो, ते फक्त एवढंच सांगतं की हा शब्द म्हणजे कोणाचं तरी किंवा कशाचं तरी ठेवलेलं नाव आहे. म्हणून माझी साधी कसोटी अशी, की या गोष्टीचं बारसं झालंय का? झालं असेल तर कॅपिटल, नसेल तर ती गोष्ट कितीही मोठी असो, स्मॉल.

वाद नसलेल्या गोष्टी पटकन उरकतो. वाक्याचा पहिला शब्द, मी या अर्थाचा आय, माणसांची, गावांची, देशांची, कंपन्यांची नावं, वार, महिने, सण, भाषा, राष्ट्रीयत्व, हे सगळं नेहमी कॅपिटल. ऋतू मात्र स्मॉल, समर, विंटर वगैरे, महिन्यांच्या नादात लोक त्यांनाही चढवतात. आयबद्दल कायम विचारलं जातं की इंग्रज लोक स्वतःला एवढं मोठं का समजतात, तर तसं काही नाही, हस्तलिखितांच्या काळात एकटा छोटा आय आजूबाजूच्या अक्षरांत हरवून जायचा म्हणून लिहिणारे तो लांब काढायला लागले आणि पुढे छपाईत तेच कायम झालं. मला या अर्थाचा शब्द बघा, तो वाक्याच्या मध्ये स्मॉलच असतो.

आता तुमच्याच धाटणीचं एक वाक्य घेऊ. द मॅनेजर हॅज आस्क्ड ऑल एम्प्लॉईज टू सेंड द मंथली रिपोर्ट टू द फायनान्स डिपार्टमेंट बिफोर मंडे. अशा वाक्यात माझ्याकडे येताना मॅनेजर, एम्प्लॉईज, मंथली, रिपोर्ट, फायनान्स, डिपार्टमेंट आणि मंडे असे सात शब्द कॅपिटल होऊन येतात. मॅनेजर हे पद झालं, नाव नाही, म्हणून स्मॉल. एम्प्लॉईज तर कोणीही, स्मॉल. मंथली रिपोर्ट दर महिन्याला निघतो, त्याला स्वतःचं नाव नाही, स्मॉल. फायनान्स डिपार्टमेंटला मात्र थोडं थांबायचं, कारण कंपनीत त्या विभागाचं अधिकृत नाव तेच असेल तर एफ आणि डी कॅपिटल चालतात, पण पुढच्या वाक्यात नुसतं द डिपार्टमेंट आलं की परत स्मॉल. आणि मंडे कॅपिटल, त्यात बदल नाही. म्हणजे सातातला एक नक्की आणि दोन कंपनीच्या पद्धतीवर, बाकीचे चार फुकट चढवलेले.

पदांचं प्रकरण लोकांना सगळ्यात जास्त छळतं, पण नियम सोपा आहे. पद नावाच्या आधी चिकटून आलं की ते नावाचाच भाग होतं, प्रेसिडेंट लिंकन, इथे पी कॅपिटल. लिंकन वॉज द प्रेसिडेंट, इथे स्मॉल. नावानंतर स्वल्पविराम देऊन पद लिहिलं तरी स्मॉल, आणि मग लोक म्हणतात अहो पण माझ्या मेलखालच्या सहीत तर सीनियर मॅनेजर कॅपिटल आहे. तिथे बरोबर आहे, कारण सही, व्हिजिटिंग कार्ड, दारावरची पाटी ही वाक्यं नसतात, तिथे पद नावाच्या खाली पाटीसारखं मांडलेलं असतं. वाक्याच्या आत आलात की वाक्याचे नियम.

नात्यांनाही हेच लागू. माय मदर यातला एम स्मॉल, कारण माय लागला की मदर हे नुसतं नातं झालं. पण आईला हाक मारताना किंवा तिच्या नावाच्या जागी मदर म्हणताना कॅपिटल. युक्ती अशी की मदरच्या जागी आईचं खरं नाव घालून बघायचं, वाक्य नीट बसलं तर कॅपिटल. आणि सर हा शब्द! डिअर सर मध्ये एस कॅपिटल, सर आयझॅक न्यूटनमध्ये कॅपिटल, पण वाक्यात येस, सर असं आलं की स्मॉल, त्यात सरांचा काही अपमान होत नाही. पत्राच्या शेवटी युअर्स फेथफुली लिहिताना फक्त पहिल्या शब्दाचा वाय कॅपिटल, फेथफुलीचा एफ स्मॉल. ही चूक मी इतक्या चांगल्या चांगल्या लोकांच्या पत्रात बघतो की विचारू नका.

मग साहेबांना ही सवय लागली कुठून? माझा अंदाज, करारांमधून. कायद्याच्या कागदात सुरुवातीलाच व्याख्या दिलेली असते की यापुढे द कंपनी म्हणजे अमुक, द अॅग्रीमेंट म्हणजे हा करार, आणि मग पूर्ण कागदभर ते शब्द कॅपिटल चालतात कारण तिथे त्यांचं खरोखरच नामकरण झालेलं असतं, त्या कागदापुरतं. माणूस असे कागद वाचून वाचून तीच ढब मेलमध्ये आणतो, पण मेलमध्ये व्याख्या कुठे केलीये? कराराचा मजकूर तुमच्याकडे आला तर ती कॅपिटलं मात्र अजिबात उतरवू नका, तिथे पार्टी म्हणजे करारातला पक्ष, आणि कॅपिटल पार्टी आणि स्मॉल पार्टी यांचा अर्थ वेगळा निघू शकतो.

दुसरं कारण जुनं आहे. सतराव्या अठराव्या शतकात इंग्रजीतही नामांना सर्रास कॅपिटल लावायचे, तेही एकसारखं नाही. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची सही झालेली प्रत बघा, सुरुवातीच्या व्हेन इन द कोर्स ऑफ ह्यूमन इव्हेंट्स मध्ये कोर्सचा सी कॅपिटल आहे आणि ह्यूमन इव्हेंट्स स्मॉल, पुढे लाइफ, लिबर्टी आणि हॅपिनेस कॅपिटल पण परसूट स्मॉल. नंतर इंग्रजीने ही पद्धत सोडून दिली, जर्मनने आजही धरून ठेवलीये, तिथे टेबल खुर्चीसकट प्रत्येक नाम कॅपिटल. त्यामुळे जुना इंग्रजी कागद दाखवून कोणी वाद घालत असेल तर त्याला सांगा की त्या काळचं स्पेलिंग पण वापरा मग.

दिशा. गो साऊथ, दक्षिणेकडे जा, स्मॉल. साऊथ आफ्रिका देशाचं नाव, कॅपिटल. सदर्न आफ्रिका म्हणजे खंडाचा दक्षिण भाग, तिथे सदर्नचा एस बरेचदा स्मॉल. अमेरिकेत द साऊथ म्हटलं की तो एक ठरावीक प्रदेश, तिथे कॅपिटल, म्हणजे परत तेच, दिशा दाखवताय की नाव घेताय. नदीचं नाव पूर्ण लिहिलं तर रिव्हरही कॅपिटल, पुढे नुसतं द रिव्हर स्मॉल. शाळेच्या विषयांमध्ये शी स्टडीज फिजिक्स अँड इंग्लिश, पी स्मॉल आणि ई कॅपिटल, कारण इंग्लिश ही भाषा म्हणून मुळातच कॅपिटल आहे, विषय म्हणून नाही. सरकार म्हणजे गव्हर्नमेंट हा शब्द तर ब्रिटिश सरकारची स्वतःची वेबसाइटसुद्धा एरवी स्मॉल लिहिते, पूर्ण अधिकृत नाव असेल तरच कॅपिटल, मग आपण कशाला एवढं वाकायचं.

शॉर्टफॉर्मचा सापळा वेगळाच आहे. एटीएम कॅपिटल, म्हणून लोक त्याचं लांब रूपही कॅपिटल करतात, पण ऑटोमेटेड टेलर मशीन हे कुठल्याही मशीनचं वर्णन आहे, सगळं स्मॉल. तसंच सीईओ कॅपिटल पण चीफ एक्झिक्युटिव्ह ऑफिसर स्मॉल, जीडीपी कॅपिटल पण ग्रॉस डोमेस्टिक प्रॉडक्ट स्मॉल. संस्थेचं नाव असेल तर दोन्हीकडे कॅपिटल, साहजिक आहे. रडार आणि लेझर हे पण एकेकाळचे शॉर्टफॉर्मच, पण वापरून वापरून इतके गुळगुळीत झाले की आता पूर्ण स्मॉल. नासा हा शब्द काही ब्रिटिश वर्तमानपत्रं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल ठेवून लिहितात, अमेरिकन चारही, दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

नावं अशी खाली उतरतात आणि कधी कधी वरही चढतात. रुडॉल्फ डिझेल हा माणूस कॅपिटल, गाडीत भरायचं डिझेल स्मॉल. आयर्लंडमध्ये १८८० साली बॉयकॉट नावाच्या कॅप्टनवर लोकांनी बहिष्कार टाकला, त्याचं आडनाव आज स्मॉल बी लावून क्रियापद म्हणून फिरतंय. इंटरनेटचा आय आधी कॅपिटल होता, असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेच्या स्टाइलबुकने, म्हणजे लेखनाच्या नियमपुस्तकाने, २०१६ मध्ये तो स्मॉल केला आणि वेबचा डब्ल्यूपण. त्याच स्टाइलबुकने २०२० मध्ये उलट, कृष्णवर्णीय समाजासाठी वापरायच्या ब्लॅक शब्दाला कॅपिटल बी दिला, कारण तिथे तो रंग नाही, एका समाजाचं नाव आहे. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकातला नियम आज तसाच असेल असं धरून चालू नका.

आता ज्या भागात मी खरंच कडक होतो तो सांगतो, शास्त्रीय मजकूर. बाकी ठिकाणी चुकीचं कॅपिटल नुसतं गावंढळ दिसतं, इथे अर्थ बदलतो. स्मॉल एम म्हणजे मिली, कॅपिटल एम म्हणजे मेगा. स्मॉल एम कॅपिटल डब्ल्यू हा वॉटचा हजारावा भाग आणि दोन्ही कॅपिटल केले की दहा लाख वॉट, म्हणजे एका अक्षराच्या उंचीने अब्जपट फरक. किलोचा के स्मॉल, कॅपिटल के म्हणजे केल्विन हे तापमानाचं एकक, त्यामुळे किलोमीटर, किलोग्रॅमची चिन्हं पूर्ण स्मॉल लिहायची, पाटीवर कितीही वेळा के कॅपिटल बघितलेला असो. शास्त्रज्ञांच्या नावाची एककं शब्दात लिहिली तर स्मॉल, न्यूटन, वॉट, केल्विन, आणि चिन्ह मात्र कॅपिटल. अपवाद डिग्री सेल्सियसचा, तिथे शब्दातही सी कॅपिटल. लिटरचं चिन्ह खरं तर स्मॉल एल, पण तो एक आकड्यासारखा दिसतो म्हणून १९७९ मध्ये कॅपिटल एललाही मान्यता मिळाली, दोन्ही चालतं, मी कॅपिटलच ठेवतो.

केमिस्ट्रीत तर गंमतच आहे, कॅपिटल सी आणि स्मॉल ओ म्हणजे कोबाल्ट, दोन्ही कॅपिटल केले की कार्बन मोनॉक्साइड, एक धातू आणि दुसरा विषारी वायू. मूलद्रव्यांची पूर्ण नावं स्मॉल, ऑक्सिजन, कार्बन. होमो सेपियन्स या माणसाच्या शास्त्रीय नावात एच कॅपिटल, एस स्मॉल, वाक्याच्या सुरुवातीला असो की मध्ये. औषधाचं मूळ नाव, जसं पॅरासिटामॉल, स्मॉल आणि कंपनीने दिलेलं ब्रँडनेम कॅपिटल. रोगांत मलेरिया, डायबिटीस स्मॉल, पण पार्किन्सन्स डिसीजमध्ये पी कॅपिटल कारण तो डॉक्टरचं आडनाव आहे, डिसीज स्मॉल. आणि कॉम्प्युटरवाल्यांसाठी, स्मॉल बी बिट आणि कॅपिटल बी बाइट, आठपट फरक, नेटचा स्पीड जाहिरातीत आणि डाउनलोडच्या खिडकीत वेगळा दिसतो त्यात या बीचा हात बरेचदा असतो.

शीर्षकांबद्दल लोक भांडतात, पण इथे खरंच एक उत्तर नाही. टायटल केस म्हणजे मुख्य शब्द कॅपिटल आणि अ, द, अँड, ऑफ असले छोटे शब्द स्मॉल. घोळ प्रीपोझिशनचा आहे, एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लेखनपद्धत आणि असोसिएटेड प्रेस चार किंवा जास्त अक्षरांचे शब्द कॅपिटल करतात, म्हणजे विथ, फ्रॉम कॅपिटल. शिकागो मॅन्युअल हे पुस्तकं छापणाऱ्यांचं नियमपुस्तक आधी कितीही लांब प्रीपोझिशन स्मॉल ठेवायचं, २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत त्यांनी पाच अक्षरांपासून पुढे कॅपिटल केलं. वर एपीएची आणखी एक गंमत, लेखाच्या स्वतःच्या शीर्षकाला टायटल केस आणि शेवटी संदर्भांच्या यादीत दिलेल्या लेखांची, पुस्तकांची शीर्षकं सेंटेन्स केसमध्ये, म्हणजे पहिला शब्द आणि नावं तेवढी कॅपिटल, विद्यार्थी बिचारे इथे हमखास मार्क घालवतात. पण कुठलीही पद्धत घेतली तरी इज, आर, बी ही क्रियापदं आणि इट हे सर्वनाम कॅपिटल, ते दिसायला दोन तीन अक्षरांचे आहेत म्हणून लोक त्यांना ऑफच्या रांगेत बसवतात. रिपोर्टच्या हेडिंगना मी सरळ सेंटेन्स केस सुचवतो, डोकेदुखीच संपते, फक्त पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच पद्धत ठेवा.

किरकोळ दोन. कोलननंतर ब्रिटिश पद्धतीत स्मॉल, एपीएत पुढे पूर्ण वाक्य असेल तर कॅपिटल. आयफोनसारखा शब्द, ज्याचं पहिलं अक्षर कंपनीनेच स्मॉल ठेवलंय, वाक्याच्या सुरुवातीला आला तर त्यावरही स्टाइलबुकांचं एकमत नाही, मी वाक्यच फिरवतो आणि तो शब्द आत ढकलतो.

आणि पूर्ण वाक्य कॅपिटलमध्ये लिहिणारे. त्यांना वाटतं ठळक झालं, वाचणाऱ्याला वाटतं अंगावर ओरडतायत. शिवाय सगळी अक्षरं एका उंचीची झाली की शब्दाचा आकारच जातो. ब्रिटनमध्ये जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या डिझायनरांनी मोटरवेच्या, म्हणजे तिथल्या महामार्गांच्या, पाट्या केल्या तेव्हा गावांची नावं मुद्दाम मोठी लहान अक्षरं मिसळून लिहिली, वेगात जाताना नुसत्या आकारावरून ओळखू यावीत म्हणून. अमेरिकेची नॅशनल वेदर सर्व्हिस जुन्या टेलिप्रिंटरच्या सवयीने हवामानाचे अंदाज पूर्ण कॅपिटलमध्ये द्यायची, त्यांनीही मे २०१६ पासून ते सोडायला सुरुवात केली, ज्या यंत्रांना स्मॉल अक्षरं येत नव्हती ती तर कधीच भंगारात गेली होती. तुम्हाला एखादी तारीख उठून दिसायला हवी असेल तर ती बोल्ड करा, किंवा मेलच्या पहिल्या ओळीत आणा.

शेवटचं, मायक्रोसॉफ्ट वर्डवर भरवसा ठेवू नका. मजकूर निवडून शिफ्ट आणि एफ३ दाबलं की तो केस बदलून देतो हे खरं, पण त्यातला प्रत्येक शब्द कॅपिटल करायचा पर्याय ऑफ आणि द लाही सोडत नाही, ते हाताने उतरवावे लागतात. आणि टेबलच्या चौकटीत काही टाइप केलं की वर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो. आता औषधांच्या तक्त्यात तुम्ही मिलिग्रॅमचं चिन्ह टाकलं, स्मॉल एम स्मॉल जी, स्पेस दिली आणि पुढे गेलात, तर त्याचा एम कॅपिटल झालेला असतो, म्हणजे वाचणाऱ्याला ते मॅग्नेशियम वाटेल नाहीतर मेगाग्रॅम, जो पूर्ण एक मेट्रिक टन होतो. फाइलमध्ये ऑप्शन्स, तिथून प्रूफिंग, मग ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, तिथे टेबल सेल्सचं पहिलं अक्षर कॅपिटल करा अशी एक खूण असते, ती काढून टाका आणि आधी केलेले तक्ते एकदा डोळ्याखालून घाला.